तळाशी बसलेलं यीस्ट

मी एकतीस वर्षं बॉटनी शिकवली. हैदराबादेत, हिमायतनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात, इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलींना. या एकतीस वर्षांत एक धडा असा होता की तो असला की वर्गात शिरण्याआधी मी निऱ्या पुन्हा एकदा नीट करायची. एका पेशीचे जीव अनेक पेशींचे कसे झाले, हा तो धडा. पुस्तकानं त्याला जेमतेम अर्धं पान दिलेलं. मी त्याला दोन अख्खे तास द्यायची आणि मग मार्चमध्ये पोर्शन राहिला म्हणून प्रिन्सिपलची बोलणी खायची. खाल्ली. त्याचं मला काही वाटलं नाही.

मुलींना वाटायचं, ही गोष्ट पृथ्वीवर एकदाच घडली. एक पेशी होती, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि पुढं हत्ती. मी फळ्यावर लिहायची: प्राणी. झाडं. भूछत्रं. समुद्रातली तांबडी शेवाळं. समुद्रातली तपकिरी शेवाळं. मग प्रत्येकाभोवती वेगळा गोल काढायची. म्हणायची, बघा पोरींनो, ह्या प्रत्येकानं एकटेपण सोडलं ते आपापलं, वेगवेगळ्या वेळी. कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नाही. वीसपेक्षा जास्त वेळा हे घडलं असं आता धरतात. तुम्ही एकाही प्रश्नाचं उत्तर शेजारणीचं बघितल्याशिवाय लिहीत नाही, आणि हे मुके जीव बघा.

एका वर्षी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, अकेले अच्छे तो थे. एक जगा आनेकू क्या हुआ उनको?" वर्ग हसला. मी नाही हसले, कारण प्रश्न बरोबर होता. मी तिला सांगितलं की एकट्याला कुणीतरी गिळतं, गोळा झालेल्याला गिळायला तोंड पुरत नाही. कधी उपासमार होते. कधी नुसतं पाण्यात लवकर तळाशी जाण्याचा फायदा असतो. ती म्हणाली, "हौ, मगर घर में कितने झगडे होते मॅडम." तेही खरं होतं.

आणि एकत्र येण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे वेगवेगळे जन्मलेले जवळ येतात, जमतात, गरज संपली की पांगतात. दुसरी म्हणजे आईपासून झालेली लेक सुटतच नाही, चिकटून राहते, तिची लेक तिला चिकटते. मोठी झाडं, मोठी जनावरं, सगळी ह्या दुसऱ्या वाटेनं झाली. हे सांगताना माझा आवाज जरा वर जायचा. माझ्या स्वतःच्या लेकीबद्दल मी तेव्हा विचार करत नव्हते. आता करते, आणि सारखा करते.

ती अठ्ठावीस वर्षांची आहे. सिकंदराबादला एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहते. आम्ही कुकटपल्लीत. मेट्रोनं यायला तासही लागत नाही. लोकांच्या मुली अमेरिकेत असतात आणि त्या रोज व्हिडिओवर दिसतात. माझी तासाच्या अंतरावर आणि तीन-तीन महिने दिसायची नाही. आली तरी अर्धा तास. पर्स मांडीवरून खाली ठेवायची नाही. मला काही नको होतं तिच्याकडून, तिनं रविवारी यावं आणि पोटभर जेवून जावं, बस. ती वेगळी राहायला गेल्यापासून माझं एवढं एकच मागणं होतं, आणि ते का पुरं होत नाही ते मला पक्कं ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

माझं एम.एस्सी. झालं तेव्हा युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ला माझं नाव लागलं होतं. विषय शेवाळांचा. शहराभोवतीच्या तलावांवर जायचं, बाटल्यांत पाणी भरायचं, आणि त्यातले हिरवे जीव ओळखायचे. चपला हातात घेऊन मी चिखलात उभी राहायची. एकदा लॅबमध्ये, मायक्रोस्कोपखाली, एका तलावाच्या पाण्यात मला तिघी दिसल्या. एक एकटी हिरवी पेशी, दोन शेपट्या हलवत पोहणारी. दुसरी तिच्याच जातकुळीतली, सोळा पेशींचा गोळा. तिसरी शेकडो पेशींचा पोकळ चेंडू, सावकाश गरगरणारा, आणि त्याच्या पोटात छोटे छोटे चेंडू. एकटीपासून गोतावळ्यापर्यंतच्या पायऱ्या, आणि तिन्ही पायऱ्यांवर आजही कुणी ना कुणी राहतंय. मी डोळा काढलाच नाही. लॅबवाला दिवे मालवायला आला तेव्हा मला कळलं की पाच वाजून गेलेत.

आठ महिन्यांत स्थळ आलं. बळजबरी कुणीच केली नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण आमच्या पिढीच्या बायका सगळं सासरच्यांवर ढकलतात. "लग्नानंतर कर की पुरं," असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. लग्नानंतर घर, मग नोकरी, मग लेक. नंतर म्हणून जे ठेवलं ते नंतरच राहिलं. तलावांवरून बस जायची तेव्हा मी खिडकीतून पाण्याच्या रंगाकडं बघायची. हिरवं जरा जास्त दिसलं की जीव कासावीस व्हायचा. अजूनही होतो.

लेक इंटरला आली आणि तिनं बायपीसी, म्हणजे बायॉलॉजीचा ग्रुप घेतला. घेतला म्हणते, मी फॉर्म भरला आणि तिनं सही केली. त्याच सुमारास मी एका मासिकात वाचलं की अनेक पेशींचं होणं आता प्रयोगशाळेत घडवून बघतात, आणि तेही पावाच्या साध्या यीस्टवर. कृती अशी की आपल्या स्वयंपाकघरात जमावी. साखरेच्या उकळून गार केलेल्या पाण्यात यीस्ट वाढवायचं. दिवसभर मधून मधून हलवायचं. संध्याकाळी बाटली काही मिनिटं स्थिर ठेवायची. जे पटकन तळाशी बसेल त्यातलं थोडं उचलून नव्या बाटलीत टाकायचं, वर तरंगणारं फेकून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकटी पेशी हलकी, ती वर राहते आणि फेकली जाते. ज्या पेशींच्या लेकी सुटत नाहीत त्या जड, त्या तळाशी जातात आणि वाचतात. काही आठवड्यांनी बाटलीत फांद्या-फांद्यांचे घोसच घोस होतात.

जूनमध्ये आम्ही सुरू केलं. चार बाटल्या, ओट्याच्या कोपऱ्यात. कॉलेजनं मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप मी आधीच घरी आणून ठेवला होता. पहिल्याच आठवड्यात लेक म्हणाली, "आई, यीस्टचे पूर्वज आधी घोळक्यानंच राहायचे ना? मग हे नवीन कुठं झालं? जुनंच आठवलं असेल त्यांना." अगदी हीच शंका मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी काढलेली. सोळा वर्षांच्या पोरीनं ती बसल्या जागी काढली. मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशीही सांगितलं. लोक कंटाळले असतील.

त्यानंतर मी रोज कॉलेजातून आले की चपला काढायच्या आत विचारायची, "गुठळ्या झाल्या का?" ती म्हणायची, "बघते." तिनं एक वही केली होती, रोजची नोंद तीत असायची. जेवणं झाली की मी ती वही वाचायची. एकेचाळिसाव्या दिवशी तिनं लिहिलं होतं, चार-पाच पेशींचे घोस दिसले. त्या दिवशी मी शिरा केला. मला स्लाइड बघायची होती, ती म्हणाली, "आई, धुतली ग, उद्या बघ." मी म्हटलं, असू दे, तिचा प्रयोग आहे, आपण मध्ये मध्ये करू नये, सण झाला की सावकाश बघू. केवढा मी माझ्या मनाचा मोठेपणा समजले.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्याच म्हणतात, आणि तो सण थोरल्या दीरांकडं असायचा. त्या वर्षी जाऊबाईंच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून महालक्ष्म्या पहिल्यांदा आमच्याकडं बसणार होत्या. सासूबाई दोन दिवस आधीच राहायला आल्या. बाई कडक नव्हत्या, पण त्यांचं नाक तीक्ष्ण होतं. आवाहनाच्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "कल्लूचा वास येतोय कुठून?" कल्लू म्हणजे ताडी. इथं नाक्यानाक्यावर मिळते आणि तिचा वास हैदराबादेत जन्मलेल्या माणसाला झोपेतही ओळखू येतो.

त्या एवढंच बोलल्या आणि फुलं निवडायला निघून गेल्या. ओता म्हणाल्या नाहीत, उचला म्हणाल्या नाहीत. मी मात्र उभी राहिले त्या ओट्यासमोर. तासाभरानं देवीची पावलं ह्याच स्वयंपाकघरातून काढायची होती. हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या बायका येणार, थोरले दीर येणार, आणि एम.एस्सी. झालेल्या धाकट्या सुनेच्या घरात ताडीचा वास. मी चारही बाटल्या मोरीत ओतल्या. वर बादलीभर पाणी ओतलं, बाटल्या घासून पालथ्या घातल्या.

आता ह्यातली गंमत ऐका, म्हणजे मी किती शहाणी ते कळेल. त्याच ओट्यावर, हातभर अंतरावर, झाकलेल्या पातेल्यात नैवेद्याच्या आंबिलीचं ज्वारीचं पीठ ताकात आंबत होतं. त्यालाही वास होता. त्यातही असलेच बारके जीव फसफसत होते. ते पातेलं मी हात धुऊन, पदर खोचून, सोवळ्यानं जपत होते. एक आंबवण देवीचं, दुसरं दारूचं. तेव्हा वीस वर्षं बॉटनी शिकवत आलेल्या बाईला त्या क्षणी हे सुचलं नाही. डोंबलाची माझी बॉटनी.

लेक ट्यूशनहून आली. ओट्याकडं बघितलं, पालथ्या बाटल्यांकडं बघितलं, आणि तिथंच फरशीवर बसून रडायला लागली. आवाज न करता, खांदे हलवत, कितीतरी वेळ. मी म्हटलं, "अगं, पुन्हा लावू, सण झाला की लावू." सासूबाई आतून म्हणाल्या, "सणासुदीला पोरीला रडवू नका ग." दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, सगळं झालं. लेक पानावर बसली आणि उठली. महालक्ष्म्यांचं फार छान झालं असं सगळे म्हणाले.

पुन्हा लावलं नाही. इंटर पुरं करून तिनं कॉमर्स घेतलं. परीक्षा देऊन रेल्वेच्या ऑफिसात लागली. आणि माझ्यापासून ती अशी बाजूला झाली की कुणाला दिसूसुद्धा नये. भांडण नाही, उलट उत्तर नाही, आवाज चढवणं नाही. भांडली असती तर परवडलं असतं.

मी माफी मागायला लागले. पहिल्यांदा मागितली ती त्याच आठवड्यात. "आई, लाइट घे ग," ती म्हणाली. इथली पोरं असंच म्हणतात, मनाला लावून घेऊ नको ह्या अर्थानं. पण मला कसं लाइट घेता येणार? माझं स्वतःचं एकदा सुटलं होतं आणि तिचं मी माझ्या हातानं मोरीत सोडलं. मग ती घरी आली की मी कुठून तरी तिथं पोचायचीच. भाजी वाढताना म्हणायची, "त्या वेळी मी तसं करायला नको होतं." टीव्हीवर कुठली शास्त्रज्ञ बाई दिसली की म्हणायची, "तू आज इथं असतीस." तिची हुशारी माझ्यामुळं वाया गेली, हे मी तिला इतक्या परीनं सांगितलं की आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, पोरगी जेवायला आलीय, श्राद्धाला नाही." मी त्यांच्यावरच खेकसले.

मागच्या वर्षी मी रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात शाल मिळाली, भाषणं झाली. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मला कळेना की आता कुठं जायचं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की तो प्रयोग आपण पुरा करायचा. पुरा करून तिला दाखवायचा. म्हणजे मी मोडलं ते मीच जोडून दिलं असं होईल, तिच्या मनातली अढी सुटेल आणि ती यायला लागेल. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा मला एवढं शहाणं दुसरं काही दिसत नव्हतं.

चार बाटल्या. तोच कोपरा. तिची वही मी कपाटात जपून ठेवली होती, ती समोर उघडी ठेवायची आणि तिच्याच नोंदींप्रमाणं जायची. आमचे हे चहाचा कप घेऊन यायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हातारपणी भट्टी लावायली का?" मी म्हणायची, "हो, पहिला ग्लास तुम्हालाच." त्यांना मात्र बरं वाटत होतं. रिटायर झाल्यापासून मी त्यांच्या फाइलींचं कपाट तीनदा लावलं होतं.

वहीत एकेचाळिसाव्या दिवशी घोस होते. माझ्याकडं एकेचाळिसाव्या दिवशी काहीही नव्हतं. एकट्या, लांबट, अंड्यासारख्या पेशी, एखादीला एखादी कळी, बस. पन्नासाव्या दिवशी तिनं लिहिलं होतं, दहा-बारा पेशी. माझ्याकडं पुन्हा शून्य. मी साखर बदलली, पाणी जास्त उकळलं, बाटल्या वाफेवर धरल्या. एका बाटलीवर बुरशीची पांढरी साय आली, ती फेकली. सोळा वर्षांच्या पोरीला जमलेलं साठीच्या लेक्चरर बाईला जमेना. मला स्वतःची लाज वाटायची, आणि तेवढाच अभिमानही वाटायचा, केवढा हात होता पोरीचा. आणि असा हात मी तोडला, असं म्हणून मी दुपारची एकटी रडायचीसुद्धा.

ऐंशी दिवस होत आले तेव्हा एका संध्याकाळी हलवून ठेवलेली तिसरी बाटली डोळ्यांदेखत निवळली. एरवी गढूळ राहायची. तळाशी पांढरा रवा बसावा तसं काहीतरी बसलं. मी थेंब घेतला, काच ठेवली, डोळा लावला. घोस होते. एका पेशीला दुसरी, दुसरीला तिसरी, तिसरीला दोन, फांद्या फुटलेल्या. नुसत्या चिकटलेल्या आहेत की जन्मापासूनच जोडलेल्या, हे बघायला मी काच बोटानं हलकी दाबली. चिकटलेल्या असत्या तर विस्कटून एकट्या झाल्या असत्या. ह्या फांद्या-फांद्यांनी तुटल्या आणि प्रत्येक फांदी पुन्हा अख्खा घोस. ज्या गोष्टीला मी चाळीस वर्षांपूर्वी पाठ फिरवली होती ती माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या साखरेवर, घडली होती. मी यांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "निवडुंग दिसतोय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "छान आहे, फार छान आहे."

मी लेकीला फोन केला. काय आहे ते सांगितलं नाही, रविवारी ये एवढंच म्हटलं. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ती आली.

दुपारचे बारा वाजले असतील. खट्टी दाळ, भात, बगारे बैंगन, तिच्या आवडीचं सगळं करून ठेवलं होतं. आमचे हे भाचीकडं गेले होते. मी तिला पर्ससकट ओट्याशी नेलं आणि म्हटलं, "बघ." तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "तुझ्या वहीप्रमाणं केलं. तुझ्यासारखं एकेचाळिसाव्या दिवशी नाही जमलं मला, ऐंशी लागले. पण तुझंच आहे हे. मी तेव्हा..."

"आई, थांब," ती म्हणाली.

ती ताठ झाली. माझ्याकडं बघितलं नाही, बाटल्यांकडं बघत बोलली. "हे असे दिसतात होय. मी पहिल्यांदा बघितले."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "अगं, तू बघितले होतेस की. वहीत आहे."

"वही खोटी आहे," ती म्हणाली. "पंधरा-सोळा दिवस मी नीट केलं. मग युनिट टेस्ट होती, मी तीन दिवस विसरले, आणि सगळ्या बाटल्यांवर पांढरं आलं. मी घाबरले. फेकून दिल्या आणि पाकिटातलं नवीन यीस्ट टाकलं. मग दर चार दिवसांनी तेच करायचे. वास येत राहिला की तू खूश असायचीस. तू रोज दारातून विचारायचीस, मग मी लिहीत गेले. तुझ्या मासिकात होतं तसंच लिहिलं."

"मग रडलीस का एवढी?"

"सुटले म्हणून रडले. आठ दिवसांनी तू स्लाइड बघणार होतीस, सणानंतर. मला झोप लागत नव्हती. घरी आले तर तू सगळं ओतून टाकलेलं. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आवरेना. आणि तू म्हणालीस, पुन्हा लावू."

मी खाली बसले. ती भिंतीला टेकून उभी होती. मी तिला विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते. "मग तू घरी का येत नाहीस?"

"कारण तू माफी मागतेस," ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "मी खोटं बोलले आणि दर वेळी ताट वाढताना माफी तू मागतेस. माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आई. मला ते कधी करायचंच नव्हतं. बायपीसी पण नको होतं. मला गाड्यांच्या वेळा बसवायला आवडतात. कुठली गाडी कुठं थांबवली की मागच्या चार सुटतात, ते मला मस्त जमतं. तू एकदा पण विचारलं नाहीस."

मी माफी मागेन असं तिला वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी उठले, ती वही उचलली आणि म्हटलं, "एकेचाळिसावा दिवस! चार-पाच पेशींचे घोस! कुणाला दिसले ग हे? मी महिनाभर माझ्या हाताला दोष देत बसले, साखर बदलली, बाटल्या वाफवल्या, मूर्ख बाई! नोंद खोटी लिहायची नाही, हे मी परक्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते आणि माझ्या घरात..." मी थांबेचना. बोलत बोलत मी दाळ गरम केली, ताट घेतलं, ताट तिच्यापुढं आदळलं. बुरशी आली तर बुरशी आली असं लिहायचं असतं, बुरशी येणं हीपण नोंदच असते, असं मी तिला तीन वेळा सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती आणि जेवत होती. वांगं संपवलं. दुसऱ्यांदा भात घेतला. पर्स कधी तिनं खुर्चीवर टाकली ते माझ्या लक्षात आलं नाही. बारा वर्षांत मी तिला एकदाही रागावले नव्हते.

पाच वाजेपर्यंत ती होती. मालगाड्या रोखून धरण्याचं शास्त्र तिनं मला समजावलं. मला निम्मं कळलं, आणि निम्मं कळलं नाही तेव्हा मी तसं सांगितलं. जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी येते, वरणफळं कर. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. ती आता येते. बहुतेक रविवारी येते, जेवते, पाय वर घेऊन झोपतेसुद्धा.

पण मला आता दुसऱ्याच कुणाची तरी आठवण येते. जिच्यासाठी मी बारा वर्षं झुरले, ती प्रयोगासाठी रडणारी पोर कधी नव्हतीच. होती ती वेगळीच. ह्याच घरात, सोळा वर्षांची, आईच्या चपलांचा आवाज जिन्यावर ऐकून घाईघाईनं पाकिटातलं यीस्ट बाटलीत ओतणारी, आणि वहीत काय लिहू म्हणून पेन चावणारी. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते आणि रोज तिला एक प्रश्न विचारत होते. मोठी येते, तिच्याशी मी बोलते. त्या लहानीला जवळ बसवून विचारायचं होतं, की बाळा, तुला हे करायचंय का? तिला आता कुठं गाठू, मला कळत नाही.